पुढच्या मॅटवरची काळी वाळू

एकतीस वर्षं माणूस गाड्यांत राबला आणि गावाच्या वेशीबाहेर म्हणून गेला नाही, असं सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. मातीमामांचं मात्र तसंच होतं. भाड्यानं गाड्या देणाऱ्या एका यार्डात ते कामाला होते. लोक गाडी घेऊन जात, चार-आठ दिवस हिंडत आणि आणून सोडत. सोडलेली गाडी आधी मामांच्या ताब्यात यायची. मामा ती बाहेरून बघणार, आतून बघणार, कुठं ओरखडा, कुठं पोचा, सीटवर कशाचा डाग, सगळं कागदावर उतरवणार आणि मग धुऊन-पुसून ओळीत लावणार. गाडी चालवायची ती एवढीच, फाटकापासून धुण्याच्या ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून ओळीपर्यंत. दोन गाड्यांच्या मधे जेमतेम जागा असली तरी तिसरी उलटी घालून अशी बसवतील की आरशाला आरसा लागणार नाही. पण एवढ्या वर्षांत दुसऱ्या गिअरच्या वर काही त्यांचा हात गेला नव्हता. यार्डात तिसऱ्या गिअरला जागाच नव्हती.

मातीमामा हे नाव यार्डानं ठेवलेलं. गाडी झाडता झाडता मामा सांगायचे, ही कुठून आली. मॅटवर विटकरी धूळ असली की घाटाचा जुना रस्ता. चाकाच्या वर आतल्या अंगाला राखाडी चिखल थापलेला असला की धरणाखालची शेतं. काचेच्या रबरात सुईसारखी पानं अडकली की डोंगरमाथ्यावरचं जंगल. डिकीत पांढरी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा असला की समुद्र, हे तर कुणीही सांगेल. पण मामा पुढं सांगायचे की समुद्रावर किती दिवस होते आणि पोरांनी ओल्या अंगानं गाडीत बसून कितीदा बोलणी खाल्ली. एकदा एका गृहस्थांनी आपणहूनच सांगितलं, कामाच्या मीटिंगला गेलो होतो. डिकी उघडली तर गवताच्या कुसळांची रास. मामांनी कुसळं झाडली आणि कागदावर लिहिलं, ‘डिकीत गवत. मीटिंग मोकळ्यावर झालेली दिसते.’

तर अशा माणसाला एका वाळूनं मात्र दाद दिली नव्हती.

काळी कुळकुळीत वाळू. बारीक, साखरेएवढी, आणि उन्हात धरली की मधूनच लकाकणारी. लोहचुंबक जवळ नेलं की अंगावर काटा यावा तशी उभी राहायची. एकतीस वर्षांत ती चार गाड्यांत सापडली. चारही वेळा पुढं, चालकाच्या बाजूच्या मॅटवर, चिमूटभर. मागं एक कणसुद्धा नाही. बाकी गाडी स्वच्छ, जणू कुणी व्यवस्थित माणूस वापरून गेला. चौघांनाही मामांनी विचारलं होतं, कुठं गेला होतात? चौघंही गडबडले. एक म्हणाला, असंच, इकडं तिकडं. दुसऱ्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. मामांनी ताडलं, ही जागा काहीतरी भारी असणार आणि माणसं ती दुसऱ्याला सांगत नसणार. चारही गाड्यांचे मीटर त्यांनी बघून ठेवले होते. चारही दूर जाऊन आलेल्या, बावीसशे-तेवीसशे किलोमीटर झालेल्या. निम्मे करा, अकराशे. गावातून अकराशे किलोमीटरवर समुद्राला लागून जाणारा रस्ता संपतो. म्हणजे वाळू तिथली. हिशोब चोख होता. चारही चिमटी मामांनी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवल्या होत्या.

यार्डातले लोक चेष्टा करायचे. ‘नवी’ म्हणून जी होती ती तर पाठच सोडायची नाही. नवी म्हणजे मामांच्या हाताखाली शिकलेली बाई. लागून अकरा वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कुणी लागलं नाही म्हणून ती नवीच राहिली.

“मामा, ती वाळू नाही हो. कुणाचा तरी काळा चहा सांडलाय.”

“चहा चुंबकाला चिकटतो का?”

“तुमच्या हातचा चिकटत असेल.”

मामा हसायचे, पण आत कुठंतरी लागायचं. बाकी सगळ्या मातीचं ते सांगत आले होते, पण खरं-खोटं करायला स्वतः एकाही ठिकाणी गेले नव्हते. लोक म्हणाले की हो मामा, बरोबर, घाटातूनच आलो. पण लोक काय, घाईत असतात, हो म्हणून मोकळे होतात. ही एक वाळू सापडली तर बाकीचंही खरं. नाही सापडली तर एकतीस वर्षं आपण नुसतं बोलत होतो, असं त्यांच्या मनानं घेतलं.

म्हणून नोकरी संपताना मॅनेजरबाईंनी विचारलं, “मामा, तुम्हाला काय देऊ? भिंतीवरचं घड्याळ देऊ का चांगलंसं?” तेव्हा मामा म्हणाले, “घड्याळ घरी आहे. दहा दिवस गाडी द्या.”

“घ्या की. नवी मोठी आलीय, ती घ्या.”

“मोठी नको. चौतीस नंबर द्या.”

चौतीस नंबर म्हणजे यार्डातली सगळ्यात जुनी, राखाडी, मागच्या दाराला जोर लावल्याशिवाय न लागणारी. पण चौथी चिमूट तिच्यात सापडली होती.

मामी घरी शिवणकाम करायच्या. लोकांचे जुने कपडे उसवून, आत घेऊन, बाहेर सोडून मापाला बसवून द्यायच्या. दहा दिवस फिरायला जायचं म्हटल्यावर त्यांनी तोंडातली टाचणी काढली.

“राहायचं कुठं?”

“तंबूत.”

“तंबू कुठंय?”

तंबू यार्डात होता. लोक गाडीत काय काय विसरून जातात याला सुमार नाही, आणि वर्षभर कुणी विचारलं नाही की ते मागच्या खोलीतल्या फळीवर जायचं. त्या फळीवरूनच मामांनी संसार जमवला. एक तंबू, ज्याच्या चारांपैकी तीनच काठ्या होत्या. एक गॅसची छोटी शेगडी. दोन झोपायच्या पिशव्या, त्यातली एक मोठ्या माणसाची आणि एक ससे काढलेली, लहान मुलाची. एक घडीची खुर्ची. मामींनी तंबू अंगणात पसरला, फाटलेलं शिवलं, लहान पिशवी तळाला उसवून तिला जुन्या पडद्याचा हातभर तुकडा जोडला. चौथ्या काठीच्या जागी मामांनी यार्डातल्या पोछ्याचा दांडा मागून घेतला.

“परत आणून द्या मामा,” नवी म्हणाली, “माझा आवडता दांडा आहे तो.”

निघायच्या दिवशी गाडी ताब्यात देताना नवीनं नेहमीचा कागद पुढं केला. सही करा आणि जा. मामा काही सही करेनात. गाडीभोवती फिरले, वाकले, झोपून खालून बघितलं. मामी आत बसून राहिल्या, मग उतरल्या, मग पुन्हा बसल्या. सव्वा तासानं मामांनी कागदावर सतरा ओरखडे लिहिले.

“हे सगळे जुने आहेत मामा. आणि गाडी तपासत होता कोण? तुम्हीच.”

“म्हणून तर लिहितोय,” मामा म्हणाले. “तेव्हा सुटले होते.”

गाडी फाटकाबाहेर पडली आणि हमरस्त्याला लागली. मामा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, मान पुढं काढून बसलेले. मागून हॉर्नचा गोंगाट. एक ट्रक गेला, एक ट्रॅक्टर गेला. मग एक सायकलवाला बराच वेळ बाजूनं चालला आणि शेवटी तोही पुढं गेला. इंजिन नुसतं बोंबलत होतं.

“अहो,” मामी म्हणाल्या, “त्या गिअरच्या दांड्यावर पाचपर्यंत आकडे लिहिलेत.”

“माहितेय.”

“मग पुढचे कुणासाठी ठेवलेत? पाहुणे येणार आहेत?”

मामांनी तिसरा टाकला. इंजिनानं हुश्श केलं. चौथा टाकायला अजून तीस किलोमीटर गेले, आणि तो पडला तेव्हा मामांनी गाडी कडेला घेऊन थोडं पाणी पिऊन घेतलं. पाचवा दुसऱ्या दिवशी पडला. त्यानंतर मात्र गड्याला मोकळं वाटायला लागलं. खिडकीतून एक हात बाहेर टाकून चालवायला लागले आणि पुढचा ट्रॅक्टर दिसला की म्हणायचे, “ह्याला तिसरा माहीत नाही वाटतं.”

घाट आला. मामांनी सांगितलं होतं तशीच माती, विटकरी. मामा उतरले, बोटांत घेतली, चुरडली. धरणाखालची शेतं आली, राखाडी चिखल होता आणि चाकं त्यात फसली. डोंगरमाथ्यावर सुईसारखी पानं पायाखाली गादीसारखी पडलेली होती. प्रत्येक ठिकाणी मामा उतरायचे, बघायचे आणि मामींकडं वळून म्हणायचे, “काय सांगत होतो?”

“तुम्ही सांगत होता ते खरंय,” मामी म्हणायच्या. “आता तंबू लावा.”

तंबू लावणं हा एक निराळाच कार्यक्रम होता. पहिल्या संध्याकाळी तो उभा राहायला दोन तास लागले. पोछ्याचा दांडा बाकीच्या काठ्यांपेक्षा लांब, त्यामुळं तंबू एका बाजूनं मान वर करून बघतोय असा दिसायचा. शेजारी उतरलेली माणसं बघून जायची. मामी सशांच्या पिशवीत शिरून गळ्यापर्यंत चेन ओढायच्या आणि म्हणायच्या, “घरच्या पलंगापेक्षा बरंय. निदान तुमचे गुडघे लागत नाहीत.” सकाळी शेगडीवर चहा व्हायचा, बटाटे उकडायचे, अंडी व्हायची. घडीच्या खुर्चीवर पाळीपाळीनं बसायचं. मामींनी आयुष्यात पहिल्यांदा सकाळी अकरापर्यंत काही शिवलं नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही.

वाटलं ते एकाच गोष्टीचं. तळावर पोचलं की मामा तंबूला हात लावायच्या आधी बादली शोधायचे. गाडी धुवायची. मॅट काढून झटकायच्या, सीटखाली हात घालून पुसायचं, काचा वर्तमानपत्रानं घासायच्या. पहिल्या दिवशी धुतली, दुसऱ्या दिवशी धुतली. तिसऱ्या दिवशी अर्धी धुऊन झाल्यावर शोधायला लागले.

“माझं फडकं कुठंय?”

“गरम पातेलं धरायला घेतलं. जळालं.”

“सगळं?”

“सगळं.”

“आणि दुसरं?”

“दुसऱ्यानं पहिलं विझवलं.”

मामांनी बायकोच्या तोंडाकडं बघितलं. मामी कांदा चिरत होत्या, मान खाली. मामांच्या ध्यानात आलं की इथं आपलं काही चालायचं नाही. पुढचे सगळे दिवस गाडी धुतली गेली नाही. घाटाच्या विटकरीवर शेताची राखाडी बसली, त्यावर जंगलातला चिकट डिंक, त्यावर धूळ. मामा सकाळी उठून गाडीकडं बघायचे आणि नजर फिरवायचे, एखाद्या पोराचे केस विंचरायचे राहिलेत आणि सांगायची सोय नाही तसे.

चौथ्या दिवशी गाडी चालू असताना मामींनी डॅशबोर्डवरची ती बाटली उचलून उन्हात धरली.

“मागं कधीच नव्हती म्हणता?”

“कधीच नाही.”

“मागं माणसं नव्हती?”

“होती की. एकीत तर मागच्या सीटखाली खेळण्यातल्या मोटारीचं चाक सापडलं होतं. पोरं होती.”

“मग एवढ्या लांब समुद्रावर नेलेली पोरं वाळूत उतरलीच नाहीत? बाप एकटा उतरला?”

“झोपली असतील.”

“चारही गाड्यांतली?”

“तू तुझं शिवण सोडून माझ्या मातीत का शिरतेस?”

“मी काय शिरते,” मामी म्हणाल्या. “मी आपली शिवण बघते. एका बाजूला टाका आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर कपडा कुणीतरी उलटा धरलाय.”

मामांनी पाचवा टाकला.

पाचव्या दिवशी दुपारी रस्ता संपला. खरोखरच संपला. डांबर, मग खडी, मग दोन दगड ठेवलेले आणि पुढं समुद्र. मीटरवर अकराशे चार. मामांनी गाडी दगडांना बरोबर वीतभर अंतर ठेवून लावली, उतरले आणि बूट न काढताच चालत गेले.

वाळू पांढरी होती. डावीकडं पांढरी, उजवीकडं जरा पिवळट. मामा खिशातलं चुंबक काढून ठिकठिकाणी वाकले. पाण्याच्या कडेला उकरलं, खडकामागं उकरलं. चुंबक जसं गेलं तसं वर आलं.

तळ सांभाळणारी एक बाई होती, टोपी घातलेली, उन्हानं रापलेली. ती बराच वेळ बघत होती. शेवटी जवळ आली.

“काय हरवलंय?”

मामांनी बाटली दाखवली. तिनं उघडून वास घेतला, तळहातावर दोन कण घेतले.

“ही आमची नाही. चाळीस वर्षं मी इथं आहे. वर खाडीपर्यंत जाऊन आलेय, खाली दीपगृहापर्यंत. अशी नाही.”

“चार गाड्यांतून आली होती. इथूनच आली असणार.”

“असेल काका,” ती म्हणाली, “पण मग जाताना सगळी घेऊन गेले असतील.” आणि तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावून परत दिलं.

त्या संध्याकाळी मामा घडीच्या खुर्चीवर बसून राहिले. तंबू मामींनी एकटीनं लावला. आता त्यांना तो वीस मिनिटांत यायला लागला होता. मग कपडे गुडघ्यापर्यंत वर खोचून त्या पाण्यात गेल्या, लाटा येतील तशा मागं सरकत, पुन्हा पुढं जात. बऱ्याच वेळानं भिजून परत आल्या.

“इतकं खारट असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

मामा म्हणाले, “चुकलो मी.”

“कशात?”

“सगळ्यातच असेन.”

“घाट चुकला नाही, शेतं चुकली नाहीत, डोंगर चुकला नाही. समुद्रही जिथं म्हणाला होतात तिथंच आहे.” मामींनी ओले पाय वाळूत पुसले. “एक चिमूट चुकली. मी एका दिवसात याहून जास्त चुकते आणि गिऱ्हाईक तेच घालून लग्नाला जातं. उद्या पाण्यात चला.”

दुसऱ्या दिवशी मामा पाण्यात गेले. तिथं दोन दिवस राहिले. दोन दिवस माणूस जेवला, झोपला, पाण्यात उभा राहिला, आणि बाटलीचं नाव काढलं नाही. पण डॅशबोर्डवरून ती काढलीही नाही.

परतीचा रस्ता तोच. पाचवा गिअर, एक हात बाहेर. नवव्या दिवशी दुपार कलली तेव्हा गाव सातेक किलोमीटर राहिलं होतं. इथं रस्ता नदीच्या कडेनं जातो. नदीवर ओतकामाचा एक जुना कारखाना आहे, लोक त्याला फौंड्री म्हणतात, बंद पडून जमाना झाला, धुराडं तेवढं उभं आहे. जाताना मामांचं सगळं लक्ष गिअरमध्ये होतं, त्यांना धुराडंसुद्धा दिसलं नव्हतं. आता मात्र त्यांची मान गर्रकन वळली.

“बावन्न नंबर इथं काय करतेय?”

कारखान्यामागं नदीला लागून जरा सपाट जागा होती आणि तिथं यार्डाची पांढरी गाडी उभी होती, चारही दारं बंद. मामांना वाटलं, बंद पडली असेल. त्यांनी चौतीस नंबर खाली उतरवली आणि बाजूला लावली.

बावन्न नंबरमध्ये मागं एक बाई आणि दोन मुलं काचा वर करून बसली होती. बाहेर एक चाळिशीतला माणूस, पँट वर दुमडलेली, हातात बादली, घामानं निथळत होता आणि दार घासत होता.

“काय झालं? बंद पडली का?” मामांनी विचारलं.

“छे हो. धुतोय.” त्यानं चौतीस नंबरच्या काचेवरचा यार्डाचा कागद बघितला आणि त्याचा चेहरा खुलला. “अरे, तुम्हीही तिथलेच का? बरं केलंत थांबलात. बादली देतो. अशीच नेऊ नका काका, अजिबात नेऊ नका.”

“का?”

“तिथं एक म्हातारा आहे. मातीवरून सांगतो कुठून आलात. ओरखडा तर सोडाच, सीटखालचा बिस्किटाचा चुरा लिहून ठेवतो. माझ्या साडूनं सांगितलं मला, आधी फौंड्रीमागं जा, धुऊन घे, मग यार्डात ने. त्याला त्याच्या मित्रानं सांगितलेलं. सगळे इथंच धुतात.”

मामांनी खाली बघितलं.

पायाखाली काळी वाळू होती. काळी कुळकुळीत, साखरेएवढी. कारखान्यानं वर्षानुवर्षं साच्यातली जळकी वाळू, लोखंडाच्या कणांसकट, इथंच आणून ओतली होती. सगळा काठच तिचा होता. उन्हात मधूनच लकाकत होती.

“आणि एक करा,” तो माणूस आवाज खाली आणून म्हणाला, “मी पोरांना उतरूच दिलं नाही. आपणही आत बसताना पाय नीट झटका. ही वाळू मॅटवर दिसली की म्हातारा विचारतो, कुठं गेला होतात. काय सांगणार त्याला? तुमच्या धाकानं गाडी धुवायला?”

मामांच्या मागं काहीतरी आवाज झाला. मामी चौतीस नंबरच्या बॉनेटला टेकून, तोंडाला पदर लावून हसत होत्या, खांदे गदगद हलत होते. तो माणूस गोंधळला.

“मावशींना काय झालं?”

“काही नाही,” मामा म्हणाले. “तिला शिवण सापडली.”

एकतीस वर्षांत मामांच्या मनाला ही एक गोष्ट शिवली नव्हती की आपल्या आधी दुसरं कुणी गाडी धुवेल. गाडी धुणार कोण, तर आपण. स्वच्छ गाडी आली म्हणजे माणसं स्वच्छ. बाप एकटा उतरला, पोरं आत, चौघंही गडबडले, सगळं समोर होतं. मीटरसुद्धा बरोबर होते. लांब गेलेली गाडीच जास्त मळते, म्हणून तीच इथं थांबायची.

मामा वाकले, चुंबक वाळूत खुपसलं आणि वर काढलं. चुंबकाला दाढी आली होती. ती त्यांनी थोडा वेळ बघितली. मग आधी गालात, मग पोटातून हसू आलं, आणि ते तसेच वाळूत बसले.

“काका?”

“बादली आण,” मामा डोळे पुसत म्हणाले. “आणि दाराच्या फटीत असं पाणी मारू नकोस, आत जातं. मॅट उलटी करून आपट. काचेला वर्तमानपत्र आहे का? त्या मागच्या मडगार्डवर बघ, तिथं तो हमखास हात फिरवतो.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मलाही कुणीतरी सांगितलंय.”

अर्ध्या तासात बावन्न नंबर अशी झाली की नवी असताना नव्हती. त्या माणसानं मामांचे दोन्ही हात हातात घेतले, बादली पुढं केली. मामांनी चौतीस नंबरकडं बघितलं. खाली विटकरी, वर राखाडी, काचेच्या रबरात हिरव्या सुया, नंबरप्लेटवर मिठाचा पांढरा थर. त्यांनी बादली परत दिली.

“आमची असू दे.”

पांढरी गाडी वर चढून गेली. मामींनी डॅशबोर्डवरून बाटली घेतली, काठावर पालथी केली, नदीत विसळली आणि उजेडात धरून बघितली.

“चांगली आहे. बारक्या बटणांना होईल.”

मामा आत बसले. पाय झटकले नाहीत.

यार्डात पोचले तेव्हा नवी कागद घेऊन उभीच होती. तिनं गाडीकडं बघितलं, मग मामांकडं, मग मॅनेजरबाईंना हाक मारली. मॅनेजरबाई बाहेर आल्या, त्यांनीही बघितलं.

“मामा, ही आपलीच चौतीस नंबर ना?”

“धुण्याचं लावा माझ्या नावावर,” मामा म्हणाले. “आणि तू बघत काय बसलीस? तपास.”

नवी गाडीभोवती फिरली. बोलायला लागली, मामांच्याच चालीवर. “घाटाच्या जुन्या रस्त्यानं गेलात. शेतात फसलात, बाहेर निघताना मामींनी ढकललं, मागं हातांचे ठसे आहेत. जंगलात झाडाखाली गाडी लावलीत, तुम्ही कधी लावू देत नव्हता आम्हाला. समुद्रावर दोन-तीन दिवस. पहिले दोन दिवस धुतलीत आणि नंतर नाही.” तिनं दार उघडलं, चालकाच्या मॅटवर वाकली आणि तशीच थांबली. “मामा. सापडली?”

“सापडली.”

“कुठं? एवढ्या लांब?”

“फौंड्रीमागं. सात किलोमीटर.” मामांनी सांगितलं, सगळं, त्या माणसासकट आणि म्हाताऱ्यासकट. नवी हसून हसून कागदावर वाकडी झाली. मॅनेजरबाई आत निघून गेल्या, पण खिडकीतून त्यांचाही आवाज येत होता.

“थोड्या वेळात बावन्न नंबर येईल,” मामा म्हणाले. “पोरांना आईस्क्रीम द्यायला थांबले असतील. स्वच्छ असेल.”

“मग आता काळी वाळू दिसली की काय लिहायचं?”

मामांनी डिकी उघडली, तंबू बाहेर काढला.

“काही लिहू नकोस. आणि त्या गाडीला फार वाकूनही बघू नकोस. बिचाऱ्यानं घाम गाळलेला असतो.”

“आणि ओरखडा असला तर?”

“तो असला तर लिही,” मामा म्हणाले. “घाम वेगळा, ओरखडा वेगळा.”

मामी तोवर मागच्या दाराशी झटत होत्या. ते जोर लावल्याशिवाय लागत नव्हतं. नवीनं पोछ्याचा दांडा मागून घेतला आणि बादलीत उभा केला. त्याच्या टोकाला तंबूची दोरी अजून बांधलेली होती. ती सोडायला गेली तर मामी म्हणाल्या, “राहू दे. पुढच्या वर्षी पुन्हा लागणार आहे.”